५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद : घड्याळातला हा जादा सेकंद जगाला नकोसा का झालाय?

१ जानेवारी २०१७. थर्टी फर्स्टची पार्टी आटोपून लोक गाढ झोपले होते. भारतात पहाटेचे ५ वाजून २९ मिनिटं आणि ५९ सेकंद झाले. पुढच्या सेकंदाला बरोबर साडेपाच वाजायला हवे होते, पण वाजले नाहीत. मध्येच एक जादा सेकंद आला, ५:२९:६०. त्यानंतर साडेपाच वाजले.

झोपलेल्यांना काही कळलं नाही आणि जागे होते त्यांनाही नाही. कळलं ते कॉम्प्युटरना. असंख्य वेबसाइट्सचा कारभार सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या काही सर्व्हर्सनी त्याच क्षणी मान टाकली. त्यांच्या प्रोग्रॅमने 'आत्ताची वेळ वजा मघाची वेळ' असं साधं गणित केलं आणि उत्तर आलं शून्याच्या खाली. वेळ मागे जाऊ शकते, याची तयारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ठेवलीच नव्हती. कोण ठेवेल?

या जादा सेकंदाला 'लीप सेकंद' म्हणतात. १९७२ पासून असे २७ सेकंद जगाच्या घड्याळात घातले गेले आणि हा त्यातला शेवटचा. नोव्हेंबर २०२२मध्ये पॅरिसजवळ व्हर्साय इथे वजन-मापांची जागतिक परिषद भरली होती. तिथे ठराव झाला की उशिरात उशिरा २०३५पर्यंत ही सेकंद घालण्याची पद्धत थांबवायची. वर्षभराने, डिसेंबर २०२३मध्ये, दुबईत झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेनेही त्याला मान डोलावली. म्हणजे माणसाचं घड्याळ आणि पृथ्वीची गिरकी यांची आजवर सेकंदागणिक जुळवून ठेवलेली गाठ आता सैल होणार आहे.

बातमी तांत्रिक वाटते, त्यामुळे तिची फारशी चर्चाही झाली नाही. पण या भांडणाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. 'आत्ता किती वाजले?' याचं एकच खरं उत्तर असतं का? फिजिक्स शंभरहून जास्त वर्षं 'नसतं' असं सांगतंय. कॉम्प्युटरवाल्यांना तीच गोष्ट ठेच लागून कळली. आणि तरीही रेल्वे, बँक, कोर्ट, शेअर बाजार यांना एकच उत्तर लागतं. मग ते उत्तर बनवावं लागतं.

जादा सेकंद आला कुठून?

एके काळी सेकंद पृथ्वी ठरवायची. दिवसाचे ८६,४०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेकंद. अडचण अशी की पृथ्वी हे काही फार भरवशाचं घड्याळ नाही. चंद्रामुळे समुद्राला भरती-ओहोटी येते, तिचा ब्रेक लागून पृथ्वी अगदी हळूहळू मंदावते. शिवाय पोटातला वितळलेला लोखंडाचा गोळा, वरचे वारे, बर्फ, समुद्र या सगळ्यांमुळे तिचा वेग थोडा थोडा मागे-पुढे होत राहतो.

म्हणून १९६७मध्ये सेकंदाची व्याख्या बदलली. सिझियम-१३३ या अणूतून निघणाऱ्या एका ठरावीक लहरीची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं झाली की एक सेकंद. पृथ्वीचा यात काही संबंध उरला नाही. पण रोजचं आयुष्य तर सूर्यावर चालतं. अणूचं घड्याळ एकसारखं धावणार, पृथ्वी रेंगाळणार. दिवसाला २ मिलिसेकंदांचा फरक धरला तरी ५०० दिवसांत पूर्ण एक सेकंद साठतो. दोघांतलं अंतर ०.९ सेकंदाच्या आत राहावं, म्हणून १९७२पासून अणूच्या घड्याळाला अधूनमधून एक सेकंद थांबवायचं ठरलं.

मराठी माणसाला ही आयडिया समजावून सांगायची गरजच नाही. पंचांगात तेच होतं. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून दर ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास घालून दोघांना पुन्हा एका रेषेत आणलं जातं. २०२३मध्ये अधिक श्रावण आला, जावयांनी अनारसे खाल्ले आणि हिशेब जुळला. लीप सेकंद हा अणुयुगातला धोंड्याचा महिना आहे, फक्त अनारसे मिळत नाहीत.

फरक एवढाच की अधिक मास पुढच्या शेकडो वर्षांचे आजच काढून ठेवता येतात. लीप सेकंद तसा काढता येत नाही. पृथ्वी पुढच्या वर्षी कशी वागेल ते आधी नक्की सांगता येत नाही, त्यामुळे जेमतेम सहा महिने आधी जाहीर करावं लागतं. आणि कॉम्प्युटरला नेमकं हेच झेपत नाही.

एका सेकंदाने विमानं थांबली

बहुतेक सगळे कॉम्प्युटर आणि फोन वेळ मोजतात ती एका आकड्यात. १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचला मध्यरात्र झाली, म्हणजे भारतात पहाटेचे साडेपाच वाजले, तेव्हापासून किती सेकंद झाले तो हा आकडा. याला युनिक्स टाइम म्हणतात. यात प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरलेला असतो. ८६,४०१व्या सेकंदाला जागाच नाही. मग तो आला की काय करायचं? सरळ उपाय म्हणजे आधीचाच आकडा पुन्हा एकदा मोजायचा. म्हणजे घड्याळ एक सेकंद मागे जातं.

१ जुलै २०१२च्या लीप सेकंदाला याचा मोठा दणका बसला. जगातले बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. लिनक्सच्या मुख्य घड्याळाने सेकंद मागे घेतला, पण आतल्या टायमरना ही खबर गेलीच नाही. ते एक सेकंद पुढेच राहिले. 'अर्ध्या सेकंदाने मला उठव' असं सांगून झोपलेला प्रोग्रॅम लगेच उठायचा, पुन्हा झोपायचा, पुन्हा उठायचा. प्रोसेसर नुसते तापत राहिले. रेडिट, लिंक्डइन, मोझिला यांना फटका बसला. ऑस्ट्रेलियात क्वांटासची चेक-इन यंत्रणा बसली आणि ४००हून जास्त विमानांना उशीर झाला. यातली गंमत म्हणजे उपाय काय निघाला, तर कॉम्प्युटरला आजची तारीख पुन्हा एकदा टाइप करून द्यायची. तेवढ्याने भूत उतरायचं.

गूगलने यावर वेगळी शक्कल काढली होती. जादा सेकंद एकदम घालायचाच नाही, तो चोवीस तासांवर पोळीवरच्या तुपासारखा पसरवायचा. त्या दिवसापुरता प्रत्येक सेकंद साधारण ११.६ मायक्रोसेकंदांनी लांबवायचा, की दिवसाअखेरीस हिशेब जुळतो. कुठेही धक्का नाही. पण त्या चोवीस तासांत गूगलचं घड्याळ अधिकृत घड्याळापेक्षा वेगळं चालतं, फरक अर्ध्या सेकंदापर्यंत जातो. बाकी कंपन्यांनी आपापल्या पद्धती वापरल्या. म्हणजे वेळ एक राहावी म्हणून केलेल्या उपायामुळेच दिवसभर जगात अनेक वेळा चालू होत्या. २०२२च्या जुलैमध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाच्या इंजिनिअर्सनी जाहीरपणे लिहिलं की आता हे पुरे.

आणि उलटा सेकंद आला तर?

खरी धास्ती वेगळीच आहे. २०२०च्या आसपासपासून पृथ्वी मंदावण्याऐवजी किंचित वेगात फिरायला लागलीये. ५ जुलै २०२४चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. अणुघड्याळानं मोजायला लागल्यापासूनचा हा सगळ्यात छोटा दिवसांपैकी एक. हे असंच चालू राहिलं तर सेकंद घालावा लागणार नाही, काढावा लागेल. पहाटे ५:२९:५८ नंतर थेट ५:३०:००. पंचांगात जशी क्षय तिथी येते, तसा क्षय सेकंद.

असा सेकंद आजवर एकदाही आलेला नाही. वाढीव सेकंदाला २७ वेळा तोंड देऊनही सॉफ्टवेअर पडतं, तर कधीच न आलेल्या सेकंदाची चाचणी जगातल्या किती यंत्रणांनी केली असेल? हा प्रश्न विचारला की इंजिनिअर मंडळी विषय बदलतात.

मार्च २०२४मध्ये 'नेचर' या नियतकालिकात डंकन ॲग्न्यू या भूभौतिक शास्त्रज्ञांचा अभ्यास आला. त्यांचं गणित असं की क्षय सेकंदाची गरज २०२६च्या सुमारास पडली असती, पण ती आता २०२९च्या आसपास पडेल. हा उशीर कशाने? ध्रुवांवरचा बर्फ वितळतोय. फुगडी खेळणाऱ्या मुली जवळ आल्या की गरगर फिरतात, हात ताणून मागे झुकल्या की वेग कमी होतो. ध्रुवांजवळ साठलेलं वजन पाणी होऊन विषुववृत्ताकडे पसरतंय, म्हणजे पृथ्वीही हात ताणतेय. माणसाने केलेल्या तापमानवाढीचा परिणाम घड्याळ किती वाजले दाखवेल इथपर्यंत पोचलाय, हे वाचून क्षणभर थांबायला होतं.

कळसूबाईवर वेळ जोरात धावते

इथवरचा सगळा गोंधळ पृथ्वीच्या लहरीपणाचा होता. अणुघड्याळं तरी एकमेकांशी जुळतात का? तर तीही जुळत नाहीत. यात घड्याळांची चूक नाही. वेळच तशी आहे.

आइनस्टाइनने १९१५मध्ये मांडलं की जिथे गुरुत्वाकर्षणाची पकड जास्त, तिथे वेळ हळू जाते. म्हणजे समुद्रसपाटीवर हळू, डोंगरावर जोरात. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर एक अचूक घड्याळ ठेवलं आणि दुसरं मुंबईच्या किनाऱ्यावर, तर गणितानुसार शिखरावरचं घड्याळ दिवसाला सुमारे १५ नॅनोसेकंद पुढे जाईल. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. ८० वर्षं शिखरावर काढली तरी फरक अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत राहील, त्यामुळे म्हातारपणाच्या भीतीने कुणी खाली उतरायला नको.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. २०२०मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी टोकियो स्कायट्री या टॉवरच्या पायथ्याशी आणि ४५० मीटर वर अशी दोन घड्याळं ठेवून दिवसाला सुमारे ४ नॅनोसेकंदांचा फरक मोजून दाखवला. २०२२मध्ये अमेरिकेतल्या जिला या संस्थेत हाच परिणाम एका मिलिमीटर उंचीच्या फरकात पकडला गेला. पायाच्या अंगठ्यापेक्षा डोक्याची वेळ वेगळी, असं आता म्हणता येतं.

फोनमधला मॅप चालतो तो हा फरक धरूनच. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर आहेत. वेगामुळे त्यांचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांची भानगड. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, त्यामुळे हे दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात पत्त्यातली चूक १० किलोमीटरच्या वर जाईल. दादरला जायचं आणि मॅप भलत्याच ठिकाणी उभा करेल.

त्याहून अवघड गोष्ट १९०५च्या सापेक्षता सिद्धांतात आहे. लांब-लांबच्या दोन ठिकाणी घडलेल्या घटना 'एकाच वेळी' घडल्या का, याचं उत्तर बघणारा कसा हलतोय त्यावर ठरतं. एकाला त्या एकदम दिसतील, दुसऱ्याला आधी ही मग ती. आणि दोघंही बरोबर. फक्त एक गोष्ट सगळ्यांसाठी सारखी राहते. एका घटनेचा परिणाम, जास्तीत जास्त प्रकाशाच्या वेगाने, दुसरीपर्यंत पोचू शकत असेल, तर पहिली आधी आणि दुसरी नंतर, यावर कुणाचंही दुमत होत नाही.

तत्काळचं तिकीट आधी कुणी मागितलं?

हे सगळं ग्रह-ताऱ्यांचं वाटत असेल, तर सकाळी दहाला एसीच्या तत्काळ बुकिंगला बसून बघावं. नागपूरमधल्या एकाने आणि मुंबईतल्या एकीने शेवटच्या बर्थसाठी बटण दाबलं. आधी कुणी दाबलं? दोघांच्या फोनची घड्याळं काही मिलिसेकंदांनी वेगळी. मुंबईहून दिल्लीपर्यंत सिग्नल फायबरमधून जायलाच ५-६ मिलिसेकंद लागतात, वाटेतल्या ट्रॅफिकचा वेळ वेगळा. सर्व्हरला एवढंच माहीत असतं की त्याच्या दारात आधी कोण आलं. बटण खरंच आधी कुणी दाबलं, हे त्याला कळायला मार्ग नाही.

आता सर्व्हरही एक नसतो. मोठ्या यंत्रणांत वेगवेगळ्या शहरांत शेकडो, हजारो मशीन्स असतात आणि प्रत्येकीचं घड्याळ आपापल्या चालीने चालतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी कधी उत्तर वर आणि प्रश्न खाली दिसतो, तो याच कुळातला प्रकार.

१९७८मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने यावर एक छोटासा शोधनिबंध लिहिला, जो आजही या विषयातला पाया मानला जातो. त्यांना सापेक्षता सिद्धांत माहीत होता आणि कॉम्प्युटरच्या जाळ्यात तसलीच परिस्थिती आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा मुद्दा असा की 'किती वाजता झालं' हे विचारणं सोडून द्या. 'कशामुळे काय झालं' ते बघा. मेसेज पाठवला गेला, मग तो मिळाला. पाठवणं मिळण्याच्या आधीच असणार, घड्याळं काहीही म्हणोत. दोन घटनांमध्ये असा एकही मेसेजचा धागा नसेल, तर त्यातली आधीची कुठली हा प्रश्नच निरर्थक.

मग त्यांनी घड्याळाशिवायचं घड्याळ सुचवलं. प्रत्येक मशीनने एक आकडा ठेवायचा. काही घडलं की त्यात एक मिळवायचा. मेसेज पाठवताना आकडा सोबत जोडायचा. समोरच्याने आपला आणि आलेला, यातला मोठा आकडा घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. बस. ना सूर्य, ना सिझियम. कारण आधी आणि परिणाम नंतर, एवढा क्रम यात कधीच मोडत नाही. लॅम्पोर्ट यांना पुढे २०१३चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

फिजिक्सने प्रकाशाच्या वेगाची मर्यादा घालून जे सांगितलं, तेच कॉम्प्युटर सायन्सने मेसेजच्या वेगाची मर्यादा घालून सांगितलं. दोन्हीकडे 'सगळीकडचं आत्ता' असं काही सापडत नाही. सापडतो तो फक्त आधी-नंतरचा क्रम, आणि तोही सगळ्या घटनांना लागू होत नाही.

पण बँकेच्या ग्राहकाला लॅम्पोर्टचा आकडा दाखवून चालत नाही, त्याला तारीख-वेळ हवी असते. २०१२मध्ये गूगलने आपल्या स्पॅनर या डेटाबेसची रचना प्रसिद्ध केली, त्यात यावरचा तोडगा आहे. प्रत्येक डेटा सेंटरमध्ये जीपीएस रिसीव्हर आणि अणुघड्याळं ठेवली. आणि 'किती वाजले' असं विचारल्यावर हे घड्याळ एक वेळ सांगतच नाही. ते म्हणतं, 'या क्षणापासून त्या क्षणापर्यंत, या काही मिलिसेकंदांत कुठेतरी.' व्यवहार पक्का करण्याआधी यंत्रणा तेवढे मिलिसेकंद चक्क थांबून राहते, म्हणजे पुढच्या व्यवहाराशी गल्लत व्हायला नको. जगातल्या सगळ्यात अचूक म्हणवणाऱ्या यंत्रणांपैकी एकीने 'मला नक्की माहीत नाही' हे आपल्या रचनेतच लिहून ठेवलंय. बाकीची घड्याळं तेवढी प्रामाणिक नाहीत, एवढंच.

जगाची वेळ नेमकी असते कुठे?

मग फोनच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ येते कुठून? जगाच्या अधिकृत वेळेला यूटीसी म्हणतात. जगभरातल्या ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळांमधली चारशेहून जास्त अणुघड्याळं आपापले आकडे पॅरिसजवळच्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय ब्युरोला पाठवतात. तिथे त्यांची भारित सरासरी काढली जाते. चांगल्या चालणाऱ्या घड्याळाला जास्त वजन, डुगडुगणाऱ्याला कमी. मग महिन्यातून एकदा पत्रक निघतं की गेल्या महिन्यात कोणाचं घड्याळ किती नॅनोसेकंद पुढे किंवा मागे होतं.

म्हणजे खरी वेळ कुठल्याही एका घड्याळात चालू नसते. ती नंतर काढलेली सरासरी असते. चालू असतात ते तिचे अंदाज. भारतातला अंदाज नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये चालतो. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय प्रमाण वेळ.

भारताला स्वतःची वेळ का हवी झाली?

दिल्लीत वेळ तयार होते, पण ती सगळ्यांपर्यंत पोचते असं नाही. जगभरात मोबाइल टॉवर, वीजवाहिन्या, डेटा सेंटर यांना थेट अमेरिकी जीपीएस उपग्रहांकडून वेळ घेणं सगळ्यात सोयीचं पडतं आणि भारतही याला अपवाद नव्हता. तो सिग्नल बंद झाला, किंवा कुणी जवळून खोटा सिग्नल सोडला, तर यंत्रणेला चुकीची वेळ मिळते आणि ती चुकीची आहे हे तिला समजतही नाही. दुसरी बाजू पोलिसी तपासाची. सायबर फसवणुकीत पैसे पाच खात्यांमधून फिरले आणि प्रत्येक बँकेचं घड्याळ वेगळं असलं, तर कोर्टात 'आधी काय झालं' हे सिद्ध करणं कठीण.

म्हणून एप्रिल २०२२मध्ये सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने कंपन्यांना आपली घड्याळं एनपीएल किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं. जानेवारी २०२५मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने नियमांचा मसुदाच आणला. कायदेशीर, प्रशासकीय, व्यापारी, आर्थिक अशा सगळ्या कामांना भारतीय प्रमाण वेळच वापरायची. खगोलशास्त्र, नौकानयन, संशोधन यांना परवानगी घेऊन सूट. एनपीएलची वेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या पाच केंद्रांतून देशभर पोचवण्याची योजना आहे, आणि इस्रोही त्यात आहे.

आकाशातल्या घड्याळांबाबत मात्र भारताचे हात पोळलेत. 'नाविक' या देशी जीपीएसच्या पहिल्या उपग्रहावर परदेशातून घेतलेली रुबिडियमची तीन घड्याळं होती. तिन्ही बंद पडली आणि दिशा दाखवण्यासाठी सोडलेला अख्खा उपग्रह त्या कामाला निरुपयोगी झाला. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७मध्ये पाठवलेल्या उपग्रहाचं उष्णताकवच उघडलंच नाही. मे २०२३मध्ये एनव्हीएस-०१ गेला, त्यावर पहिल्यांदा भारतात बनलेलं रुबिडियम घड्याळ होतं. जानेवारी २०२५चा एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. स्वतःची वेळ ठेवणं हे कागदावर नियम करण्यापेक्षा बरंच खर्चिक काम आहे.

सूर्याचं काय?

लीप सेकंद बंद करायला सगळेच उत्सुक नव्हते. रशियाच्या ग्लोनास उपग्रहांची वेळ लीप सेकंद धरूनच चालते, तिथे बदल करायला वेळ आणि पैसा लागणार, म्हणून रशियाला मुदत लांबवून हवी होती. दुर्बिणींची जुनी सॉफ्टवेअर्स घड्याळ आणि पृथ्वीतलं अंतर एका सेकंदाच्या आत आहे असं गृहीत धरतात, त्यामुळे खगोलशास्त्रज्ञांनाही काम लागणार. आणि काहींचा आक्षेप भावनिक आहे. बारा वाजणं म्हणजे सूर्य माथ्यावर येणं, ही हजारो वर्षांची समजूत सोडायची कशी?

या आक्षेपाला मुंबईकडे उत्तर आहे. १ जानेवारी १९०६पासून देशात एक प्रमाण वेळ आली, तरी मुंबईने आपली जुनी 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत सोडली नाही. ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, कारण मुंबईचा सूर्य तेवढाच मागे आहे. जवळपास पन्नास वर्षं एकाच शहरात रेल्वे एका वेळेवर आणि महापालिका दुसऱ्या वेळेवर, असा संसार चालला. शेवटी सूर्य हरला. आजही मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी आणि लोकलच्या गर्दीत त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. त्या हिशेबाने लीप सेकंद बंद केल्यावर शंभरेक वर्षांत साठणारा साधारण मिनिटभराचा फरक किरकोळ आहे.

तरीही उरतो एक प्रश्न. व्हर्सायच्या ठरावाने किमान शंभर वर्षं वेळ अखंड राहावी, असं म्हटलंय. पण फरक किती वाढू द्यायचा, एक मिनिट की आणखी जास्त, आणि ती मर्यादा आली की काय करायचं, हे त्यात ठरलेलं नाही. त्याचा आराखडा २०२६च्या परिषदेसमोर ठेवायला सांगितलं होतं. एका सेकंदाने विमानं थांबली होती. शंभर वर्षांनी एकदम अख्खं मिनिट घालायची वेळ येईल, तेव्हा ते आधी कधीच न घातलेलं असेल आणि ते घालणारं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसंही हयात नसतील. आजचा त्रास पणतूंच्या गळ्यात घालण्याचा हा प्रकार आहे, असं विरोधक म्हणतात आणि त्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही.

तोवर जुनी पद्धत चालूच आहे. पृथ्वी किती फिरली हे मोजणारी एक आंतरराष्ट्रीय सेवा आहे, ती दर सहा महिन्यांनी पॅरिसच्या वेधशाळेतून एक पत्रक काढते आणि जगभरच्या वेळ ठेवणाऱ्यांना पाठवते. २०१७पासून एकामागून एक निघालेल्या त्या पत्रकांमध्ये मजकूर तोच असतो. येत्या जूनअखेरीस, किंवा येत्या डिसेंबरअखेरीस, लीप सेकंद घातला जाणार नाही.